मुंबईची कोंडी, घाट आणि पावसाळा: ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थंड कसा ठेवावा

मुंबई परिसरात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जळतात ते बहुतेक वेळा ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगात. भिवंडीत गोदामाच्या गल्लीत भरलेला ट्रक मागे घेताना, न्हावा शेवाच्या गेटबाहेर रांगेत रखडताना, मुंब्रा बायपासच्या चढावर समोरची गाडी हलायची वाट पाहताना. हायवेवर ऐंशीने पळणाऱ्या गाडीच्या बॉक्सला एवढा त्रास होत नाही. म्हणून "गाडी जोरात चालवत नाही, मग बॉक्स गेला कसा?" हा प्रश्न जितका रास्त वाटतो तितकाच चुकीच्या जागी शोध घ्यायला लावतो.

सुरुवातीला एक गोष्ट नक्की करून घ्या: तुमची गाडी कोणत्या प्रकारची ऑटोमॅटिक आहे? हायलक्स किंवा डी-मॅक्स व्ही-क्रॉससारख्या पिकअपच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये आणि अ‍ॅलिसन कंपनीचा बॉक्स बसवलेल्या टिपर, बस, फायर इंजिनमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. आपल्याकडचे अनेक मोठे ट्रक मात्र 'ऑटोमॅटिक' म्हणून विकले जातात आणि आत असतो एएमटी, म्हणजे नेहमीचा गिअरबॉक्स आणि नेहमीची क्लच प्लेट. क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम तेवढे मशीन करते. एएमटीत उष्णता तयार होते ती क्लच प्लेटवर. तिथे तेलाचा कूलर लावून काही होत नाही. त्यासाठी एकच सवय उपयोगाची: कोंडीत समोर थोडी जागा मोकळी होऊ द्या आणि मग एकदाच पुढे जा. इंच-इंच सरकलात तर मशीन तुमच्या वतीने हाफ क्लच मारत राहते. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका. एएमटीवाल्यांसाठी मुद्दा इथेच संपतो. पुढचे सगळे टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांसाठी आहे.

उष्णता येते कुठून

कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेली पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सकडची पाती फिरतात. दोघांमध्ये लोखंडी जोड नसतो, असते फक्त तेल. त्यामुळे इंजिन जास्त फिरते आणि पुढची बाजू थोडी कमी. हा जो फरक राहतो तो तेल घुसळण्यात जातो आणि घुसळलेल्या तेलाची उष्णता होते. चाके पूर्ण थांबलेली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असेल तर इंजिनाची कन्व्हर्टरमध्ये गेलेली सगळी ताकद उष्णतेत जाते. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरणे म्हणजे नेमके हेच.

समजा तुमचे इंजिन चढावर कन्व्हर्टरला ६० किलोवॉट देते आहे आणि कन्व्हर्टर त्यातले ८० टक्के पुढे पोहोचवतो आहे. उरलेले १२ किलोवॉट तेल तापवतात. घरातले दोन किलोवॉटचे सहा गीझर एकदम चालू ठेवावेत तेवढी ही उष्णता, आणि ती सात-दहा लिटर तेलात. कूलर हे बाहेर काढू शकला नाही तर काही मिनिटांत तेल धोक्याच्या तापमानाला पोहोचते.

यावर कंपन्यांनी दिलेला उपाय म्हणजे लॉकअप क्लच. ठरावीक वेगाच्या वर तो कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडतो, घुसळण थांबते आणि उष्णता एकदम खाली येते. लॉकअप लागला हे ओळखायला शिका, कारण पुढच्या निम्म्या सूचना त्यावर उभ्या आहेत. सरळ रस्त्यावर वेग स्थिर ठेवा. गिअर न बदलता आरपीएम दोनशे-तीनशेने खाली आला की लॉकअप लागला. त्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला तर आरपीएम आणि वेग एकत्र वाढतात. लॉकअप सुटलेला असेल तर आधी आरपीएम उडी मारतो आणि वेग मागून येतो.

तापमान डोळ्यांना दिसले पाहिजे

डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाच्या पाण्याचा असतो. बऱ्याच पिकअपमध्ये गिअरबॉक्सच्या तेलासाठी फक्त इशाऱ्याचा दिवा आहे, आणि तो लागतो तोवर तेल बरेच शिजलेले असते. माझे ठाम मत आहे की माल वाहणाऱ्या किंवा ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत तेलाचे तापमान आकड्यात दिसले पाहिजे. कूलर, महागडे तेल, बाकी सगळे त्यानंतर.

स्वस्त मार्ग म्हणजे ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचे अ‍ॅप. गिअरबॉक्सच्या तेलाचा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने पाठवते, म्हणून तुमच्या गाडीचे प्रोफाइल त्या अ‍ॅपमध्ये आहे का हे घेण्याआधी विचारा. इंजिनच्या कूलंटचा आकडा गिअरबॉक्सचा म्हणून दाखवणारी अ‍ॅपही असतात. खात्री करायची सोपी पद्धत आहे: सकाळी थंड गाडी सुरू करा. पाण्याचा आकडा भराभर वर जातो, बॉक्सचा मागून रेंगाळत येतो. दोन्ही बरोबरीने चढले तर तुम्ही एकच आकडा दोनदा पाहता आहात.

दुसरा मार्ग वेगळा गेज आणि सेन्सर बसवण्याचा. सेन्सर चेंबरमध्ये, म्हणजे बॉक्सच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यात, बसवला तर आकडा स्थिर आणि समजायला सोपा मिळतो. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या पाइपवर बसवला तर आकडा खूप वर-खाली होतो, पण धोका आधी कळतो. दोन जागांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. अ‍ॅलिसनच्या बॉक्समध्ये चेंबरचे नेहमीचे तापमान ७१ ते ९३ अंश सेल्सिअस धरतात आणि १२१ ही वरची हद्द; कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाला मात्र १४९ अंशांपर्यंत मुभा आहे. म्हणजे १३० हा आकडा एका जागी काळजीचा, दुसऱ्या जागी चढावरचा नेहमीचा.

पिकअपसाठी मी चेंबरच्या तापमानाचा हिशेब असा धरतो. ८० ते १०० ठीक. १०५ च्या वर गेले की चालवण्याची पद्धत बदला. ११५ ला सुरक्षित जागा शोधायला लागा. १२० ला थांबा. ढोबळ नियम असा आहे की तेलाचे तापमान नेहमीपेक्षा दहा-अकरा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. १२० च्या पुढे तेल भराभर ऑक्सिडाइज होते, व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब हवा तिकडे वळवणाऱ्या भागात) वार्निशसारखा थर बसतो, रबरी सील कडक होतात. सील कडक झाले की दाब गळतो, दाब गळला की बॉक्सच्या आत गिअर धरणाऱ्या क्लच प्लेट घसरतात आणि घसरणाऱ्या प्लेट आणखी उष्णता करतात.

गेज लागला की पहिले काही दिवस फक्त नोंद करा. रिकामी गाडी, ठाणे ते नाशिक रस्ता, अर्ध्या तासाने किती? तीच गाडी पासिंगएवढा (परवानगी आहे तेवढा) माल घेऊन कसारा घाटात किती? दुपारी घोडबंदर रोडवर किती? हे तुमचे आकडे. पुढे कधी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालासह आकडा आठ-दहा अंशांनी वर दिसू लागला तर काहीतरी बिघडते आहे: रेडिएटरची जाळी तुंबली, तेल कमी झाले, फॅन ढिला पडला किंवा लॉकअप लागेनासा झाला. दिवा लागण्याच्या कितीतरी आधी हे कळते.

कोंडीत आणि घाटात चालवण्याची पद्धत

सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून थांबणे चालते. इंजिन आयडलवर असताना तयार होणारी उष्णता कूलर आरामात काढतो. मिनिटभराहून जास्त थांबायचे असेल, जेएनपीएच्या (न्हावा शेवा बंदराच्या) रांगेत किंवा तुर्भ्याच्या मार्केटबाहेर, तर एन आणि हँडब्रेक. प्रत्येक दहा सेकंदांच्या थांब्याला एन-डी-एन करू नका. दर वेळी डी लावताना आतली क्लच प्लेट झटका घेते. आणि चालत्या गाडीला एन मध्ये घालून उतारावर सोडणे पूर्ण बंद. त्यात डिझेल वाचत नाही, कारण गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आजची इंजिने डिझेल तोडतातच. वर इंजिन ब्रेकिंग जाते ते वेगळेच.

चढावर थांबलात तर पायाचा ब्रेक किंवा हँडब्रेक. निघताना ब्रेक सोडून लगेच, ठामपणे अ‍ॅक्सिलरेटर द्या. घाबरत अर्धा दाबून गाडी जागेवर तोलत बसण्यापेक्षा एकदाच निघून दहा-पंधराच्या वेगाला पोहोचणे बॉक्सला सोपे जाते.

घाटाबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. खोपोली सोडून खंडाळ्याकडे चढताना अनेक ड्रायव्हर डी मध्ये ठेवून आवाज कमी राहील इतकाच अ‍ॅक्सिलरेटर देतात. त्यांना वाटते, इंजिन शांत म्हणजे गाडी आरामात. प्रत्यक्षात बॉक्स वरच्या गिअरमध्ये जायला बघतो, ताकद पुरत नाही, लॉकअप सुटतो, गिअर खाली येतो, वळणावर पुन्हा वर जातो. ही उलाढाल चालू असते तेवढा वेळ कन्व्हर्टर तेल घुसळतो. त्याऐवजी चढ सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घ्या, गरज असेल तर दोन. आरपीएम इंजिनाच्या टॉर्कच्या पट्ट्यात ठेवा. आजच्या पिकअप डिझेलमध्ये तो साधारण १,८०० ते २,६०० असतो. आवाज वाढेल. पण लॉकअप लागून राहण्याची शक्यता वाढते, बॉक्सचा पंप जास्त तेल फिरवतो, वॉटर पंप जास्त पाणी फिरवतो आणि इंजिनवर चालणारा फॅन जास्त हवा ओढतो. तापमान खाली येताना गेजवर दिसते.

उतरताना हाच खालचा गिअर ठेवा. ज्या मोठ्या बॉक्सना आतच हायड्रॉलिक रिटार्डर (तेलाच्या जोरावर वेग रोखणारी यंत्रणा) असतो त्यांनी लक्षात घ्यावे की रिटार्डर ट्रकचा वेग तेलात ओततो. कसाऱ्याच्या उतारावर सतत पूर्ण रिटार्डर लावून ठेवला तर चढापेक्षा उतारावर तेल जास्त तापते. खालचा गिअर आणि इंजिन ब्रेक आधी, रिटार्डर अधूनमधून.

गल्लीत मागे घेताना डी आणि आर मधली अदलाबदल गाडी पूर्ण थांबल्यावरच करा. पावसाळ्यात कच्च्या साइटवर चाक रुतले की पुढे-मागे झुलवून काढायचा मोह होतो. फिरणाऱ्या चाकाला अचानक पकड मिळाली की झटका बॉक्सच्या आत जातो. फळ्या घाला, माल उतरवा, दुसऱ्या गाडीने ओढा.

पासिंगपेक्षा जास्त माल भरला तर वरच्या एकाही सूचनेचा उपयोग उरत नाही. दिसायला छान म्हणून मोठे टायर घालणाऱ्या पिकअपवाल्यांनाही हेच लागू: टायरचा व्यास वाढला की चाकावरची ताकद घटते आणि लॉकअप उशिरा लागतो.

तापली तर

आकडा ११५ च्या वर गेला, किंवा दिवा लागला, किंवा गिअर पडताना आरपीएम उगाच वर उडू लागला तर गाडी बाजूला घ्या. घाटात वळणाच्या तोंडाशी थांबू नका, रुंद जागा येऊ द्या. पी, आणि पी नसलेल्या ट्रकमध्ये एन, हँडब्रेक, चाकामागे दगड. इंजिन बंद करू नका. बॉक्समधला पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केले की तेल कूलरकडे जाणे थांबते आणि तापलेले तेल कन्व्हर्टरमध्येच अडकते. आरपीएम १,००० ते १,२०० च्या आसपास धरा, बॉनेट उघडा, गेजकडे पाहत राहा. ९५ च्या खाली आले की निघा, एक गिअर खाली ठेवून. तेलाची गळती दिसली किंवा इंजिनाचे पाणीही उकळत असेल, तर मात्र इंजिन बंद करावे लागेल. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका आणि कूलरवर बाटलीतले थंड पाणी ओतू नका.

आधी जे आहे ते साफ करा

बहुतेक गाड्यांत बॉक्सचे तेल रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरमधून जाते, म्हणजे त्याची उष्णता आधी इंजिनाच्या पाण्यात जाते. पाणी खराब असेल तर बॉक्स तापतो. बोअरचे किंवा नळाचे पाणी घालून घालून आत क्षार बसलेला रेडिएटर बाहेरून चकाचक दिसतो आणि आतून अर्धा बंद असतो. कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकारचाच, डिस्टिल्ड पाण्यात, सहसा निम्मा-निम्मा.

पुढून एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर. या दोघांच्या मधल्या फटीत धूळ, किडे, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, मेट्रो आणि बांधकामाच्या साइटवरची सिमेंटची भुकटी साचते. पाऊस पडला की तिचा चिखल होतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळून घट्ट बसतो. मी मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळा सरल्यावर अशी दोनदा सफाई करायला सांगतो. गाडी थंड असताना कंडेन्सर आणि रेडिएटरमध्ये टॉर्च मारून पाहा. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जाईल. साधा पाइप वापरा. प्रेशर वॉशरने जाळीची नाजूक पाती आडवी होतात आणि मग हवाच जात नाही. फॅनभोवतीचे प्लास्टिकचे आवरण तुटलेले असेल तर बदला, त्याशिवाय फॅन जाळीतून हवा न ओढता आजूबाजूची ओढतो. व्हिस्कस फॅन असेल तर गरम इंजिन बंद करून चावी काढल्यावर हाताने फिरवा: जड लागला पाहिजे. मोकळा गरगर फिरला तर तो संपला.

समुद्राकाठच्या गाड्यांसाठी एक वेगळी तपासणी. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहणाऱ्या पिकअपमधून बर्फाचे खारट पाणी चासीवर ठिबकत राहते. कूलरकडे जाणारे लोखंडी पाइप क्लिपच्या खाली आतल्या आत कुजतात. क्लिप सोडवून, तार-ब्रशने घासून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. पाइपवर खड्डे दिसले तर लगेच बदला. तो भर रस्त्यात फुटला तर सगळे तेल पाच मिनिटांत बाहेर.

जास्तीचा कूलर बसवणे

सगळे साफ केले, तेल बदलले, सवयी सुधारल्या आणि तरीही माल घेऊन चढताना आकडा ११० च्या वर जातो, तेव्हाच जास्तीचा कूलर. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून आधी लेखी उत्तर घ्या.

घेताना थर रचलेल्या पट्ट्यांचा, म्हणजे प्लेट-फिन प्रकारचा घ्या. नळी वळवून केलेल्या स्वस्त कूलरपेक्षा तो त्याच आकारात जास्त उष्णता काढतो. जागा कंडेन्सरच्या पुढे, मध्ये बोटभर फट ठेवून. संपूर्ण कंडेन्सर झाकला जाईल असा मोठा कूलर घेऊ नका, नाहीतर एसी आणि इंजिन दोघेही तक्रार करतील.

आता क्रम. कोणता पाइप बॉक्सकडून गरम तेल आणतो आणि कोणता परत नेतो हे इन्फ्रारेड थर्मामीटरने ओळखा. रंगाच्या खुणांवर विसंबू नका. तेल आधी रेडिएटरमधल्या मूळ कूलरमधून जाईल, मग नव्या कूलरमधून, आणि तिथून बॉक्सकडे परत. म्हणजे नवा कूलर परतीच्या पाइपवर येतो. काही मेकॅनिक रेडिएटरचा कूलर काढून टाकून थेट जोडणी करतात. कोंडीत हवा नसते तेव्हा पाण्याच्या कूलरचाच आधार असतो, म्हणून मला ती पद्धत मान्य नाही. कूलर स्वतःच्या पत्र्याच्या ब्रॅकेटवर, रबर वॉशर घालून बसवा. जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला कूलर खड्ड्यांच्या हादऱ्याने घासून भोक पाडतो, आणि भोक कूलरलाच पडेल असे नाही, कंडेन्सरलाही पडते. तोंडे वर किंवा बाजूला ठेवा, खाली नकोत. आत हवा अडकते. होज गिअरबॉक्सच्या तेलाच्या उष्णतेला आणि दाबाला चालणारा हवा. डिझेलचा साधा पाइप काही महिन्यांत फुगतो. लोखंडी पाइपच्या टोकाला उभार असला पाहिजे, क्लॅम्प त्या उभाराच्या मागे बसला पाहिजे, आणि पाइप कुठेही धारदार पत्र्याला टेकता कामा नये. जिथे टेकण्याची शक्यता आहे तिथे वरून जुन्या होजचा तुकडा चढवा.

झाले की इंजिन सुरू करा, गळती पाहा, तेलाची पातळी पुन्हा तपासा, कारण नवा कूलर आणि पाइप मिळून थोडे तेल पितात. पन्नासेक किलोमीटर चालवून सगळे क्लॅम्प पुन्हा तपासा.

तेल

कंपन्या म्हणतात, 'आयुष्यभराचे तेल'. माल वाहणाऱ्या गाडीला ते लागू नाही. मॅन्युअलमध्ये बघितलेत तर बहुतेक वेळा 'कठीण वापरा'साठी वेगळा तक्ता असतो, आणि मुंबईतली कोंडी, घाट आणि माल त्यात बसतात. इथे किलोमीटरही फसवतात. शहरात सरासरी ताशी १२ किलोमीटरने चाललेल्या गाडीचे ६०,००० किलोमीटर म्हणजे ५,००० तास. हायवेवर ५० च्या सरासरीने तेवढेच किलोमीटर १,२०० तासांत होतात. तेलाला तास कळतात. शहरात माल वाहणाऱ्या पिकअपचे तेल मी ४०,००० च्या आसपास बदलायला सांगतो. मोठ्या अ‍ॅलिसन बॉक्सला मात्र कंपनीचा तक्ता आणि गाडीचा कॉम्प्युटर जे सांगेल ते: सिलेक्टरवर वर-खालचे दोन्ही बाण एकत्र दाबले की तेलाची पातळी दिसते, आणि ज्या बॉक्समध्ये सोय आहे तिथे पुन्हा-पुन्हा दाबत गेल्यास तेलाचे उरलेले आयुष्य, फिल्टर आणि क्लचची अवस्थाही. गाडी सपाटीवर, एन मध्ये, तेल गरम आणि दोनेक मिनिटे थांबलेली हवी.

तेल कोणते? मॅन्युअलमध्ये ज्या मानांकनाचे नाव आहे तेच. टोयोटाला डब्ल्यूएस लिहिले असेल तर डब्ल्यूएस. अ‍ॅलिसनला टीईएस २९५ किंवा टीईएस ६६८ असे मानांकन लिहिलेले. 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालते' असे सांगून सुटे तेल देणाऱ्या दुकानातून काही घेऊ नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चांगला मालही मिळतो, पण सीलबंद डबा आणि बिल दोन्ही घ्या.

बदलताना गाडी सपाट जमिनीवर, स्टँडवर. तेल कोमट असू द्या. आधी भरायचा बोल्ट सुटतो का पाहा; तो गंजून बसलेला असेल आणि तुम्ही आधी तेल सोडलेत तर गाडी तिथेच अडकते. मग चेंबरचा बोल्ट काढा आणि निघालेले तेल लिटरच्या खुणा असलेल्या डब्यात मोजा. चेंबर उतरवा. आतल्या चुंबकावर करडी, बारीक पेस्ट असणे नेहमीचे आहे. चमकणारे कण किंवा तुकडे दिसले तर नवे तेल ओतून उपयोग नाही, बॉक्स उघडावा लागेल. काढलेल्या तेलाचा पांढऱ्या कागदावर थेंब टाका: लालसर किंवा तपकिरी ठीक, काळे आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटचा भुगा. फिल्टर आणि पॅकिंग नवे. चेंबरचे बोल्ट बारीक असतात, हलक्या टॉर्कने आणि आडवेतिडवे क्रमाने कसा. जितके निघाले तितकेच नवे भरा. ब्रेक दाबून इंजिन सुरू करा, पी-आर-एन-डी असे प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबत फिरवा. मग पातळी मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच तपासा. डिपस्टिक नसलेल्या बॉक्सला ओव्हरफ्लोचा बोल्ट असतो: तेलाची धार बारीक होत थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आले नाही तर आणखी भरा. जास्त भरलेले तेल फिरणाऱ्या भागांत घुसळून फेसाळते, कमी असले तर पंप हवा ओढतो. दोन्हीने बॉक्स तापतो.

एकदा सोडून निम्म्याहून कमी तेल निघते. बाकीचे कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते. दर वेळी ४० टक्के बदलले असे धरले तर पहिल्या खेपेनंतर ६० टक्के जुने उरते, दुसऱ्यानंतर ३६, तिसऱ्यानंतर २२ च्या आत. म्हणून जुन्या, दुर्लक्षित बॉक्ससाठी मी दर हजारेक किलोमीटरला एक अशा तीन खेपा सुचवतो. मशीनने दाब देऊन धुण्याने साचलेला मळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो. काढलेले तेल गटारात ओतू नका, जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या.

पाणी

अंधेरी सबवे किंवा हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून गरम गाडी नेलीत की बॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या (बॉक्सने हवा आत-बाहेर करायच्या) नळीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. म्हणून ब्रीदरची नळी जूनच्या आधी तपासा: तुटलेली नाही ना, तोंड चिखलाने बंद नाही ना, टोक पुरेसे उंच आहे ना. गरज असेल तर तेलाला चालणारी नळी जोडून ते इंजिनच्या डब्यात वर न्या. चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर जाऊच नका.

पाण्यातून गेल्यावर दुसऱ्या दिवशी तेल बघा. गुलाबी, दुधाळ झालेले असेल तर गाडी सुरू करू नका. हाच रंग रेडिएटरमधला कूलर आतून फुटल्यावरही येतो, तेव्हा कूलंटच्या बाटलीतही तेलाचा तवंग दिसतो. पाणी आणि कूलंट दोन्ही क्लच प्लेटवरचे अस्तर सोडवतात. गाडी दोन-चार दिवस नीट चालेल आणि मग घसरू लागेल. लवकर सापडले तर तेल पूर्ण बदलून बॉक्स वाचू शकतो. उशीर झाला तर प्लेट बदलाव्या लागतात, आणि रेडिएटर फुटलेला असेल तर तोही.

टोचन

बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढून गॅरेजपर्यंत नेणे ही मुंबईत रोजची गोष्ट आहे, आणि त्यातून चांगले बॉक्स जातात. इंजिन बंद असले की तेलाचा पंपही बंद. पण मागची चाके फिरली की प्रॉपेलर शाफ्टमधून बॉक्सचे आतले भाग कोरडे फिरतात. पिकअप असेल तर फ्लॅटबेडवर चढवून न्या. मोठा ट्रक असेल तर मागची चाके उचला, किंवा प्रॉपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलपासून सोडवून चासीला बांधा आणि मगच ओढा. फोर बाय फोर पिकअपला पुढची किंवा मागची कोणतीच चाके जमिनीवर फिरू देऊ नका. हायड्रा क्रेनने येणाऱ्या माणसाला 'ऑटोमॅटिक आहे' असे फोनवरच सांगा, म्हणजे तो पाने आणि योग्य गाडी घेऊन येईल. रस्त्यावर आल्यावर सांगितले तर तो दोरी बांधून मोकळा होतो.